सर्वंसहा भूमि आणि निफाडचे द्राक्षमळे

नाशिकास जाणारा यात्रेकरू बहुधा पश्चिमेकडे तोंड करून जातो. रामकुंडावर स्नान, काळ्या रामाचें दर्शन, पंचवटींतील सीतागुंफा, आणि सवड असल्यास त्र्यंबकेश्वर व ब्रह्मगिरि एवढें झालें म्हणजे नाशिक पाहिलें असें आपण घरीं येऊन सांगतों. गोदावरी मात्र आपल्याबरोबर माघारी फिरत नाहीं. ती रामकुंड ओलांडून पूर्वेची वाट धरते, निफाड तालुक्याच्या काळ्याभोर जमिनींतून वळणें घेत जाते, नांदूर मध्यमेश्वर येथें कादवा नदीला भेटते, आणि पुढें मराठवाड्याकडे निघून जाते. देवदर्शनास आलेल्या माणसाच्या वाटेंत न येणारा हा पूर्वेकडील मुलूख म्हणजे द्राक्षांचें माहेरघर होय. हिंवाळा सरतांना आपल्या घरीं जीं द्राक्षें येतात, नैवेद्याच्या ताटांत ठेवलीं जातात आणि मुलांच्या हातीं दिलीं जातात, त्यांतील पुष्कळशीं याच भागांतून आलेलीं असतात. तीं ज्या मातींत पिकतात ती माती मात्र आपण कधीं पाहत नाहीं. ती पाहावी या हेतूनें गेल्या मार्गशीर्षांत मी चार दिवस त्या बाजूस जाऊन राहिलों. जें पाहिलें व समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

नाशिकरोडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे अशीं स्थानकें मागें पडूं लागलीं कीं दोन्ही अंगांस मांडव दिसूं लागतात. लोखंडी खांब व ताणलेल्या तारा यांचा माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीचा सांगाडा, त्यावर पसरलेली वेल, आणि पानांच्या छताखालीं ओळीनें लोंबणारे घड असें या मांडवाचें रूप असतें. त्याखालून चालतांना आपोआप मान लववावी लागते. निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे. महाराष्ट्रांत पारा फार उतरल्याची बातमी आली कीं तींत निफाडचें नांव बहुधा असावयाचेंच. अशा पहांटे बागाईतदार मळ्यामळ्यांतून शेकोट्या पेटवितात. कारण कडाक्याच्या थंडीनें भरत आलेले मणी तडकतात. काळोखांत दूरवर पसरलेल्या त्या शेकोट्या पाहून कार्तिकी पौर्णिमेच्या दीपमाळेची आठवण झाली.

द्राक्षवेलीची वार्षिक दिनचर्या आपल्या आंबा-पेरूहून निराळी आहे. वर्षांत तिची दोन वेळां छाटणी होते. एप्रिलांतील छाटणीस 'खरड छाटणी' म्हणतात. तिच्यामुळें नवी काडी फुटते, आणि पुढच्या घडाचा गर्भ उन्हाळ्यांतच त्या काडीच्या डोळ्यांत धरला जातो. दुसरी छाटणी ऑक्टोबराच्या सुमारास होते. तिच्यामागून घड बाहेर पडतात आणि चार महिन्यांच्या आगेमागें माल तोडणीस येतो. मी गेलों तेव्हां मणी हरभऱ्याएवढे झाले होते. संस्कृत कोशकारांनीं द्राक्षाला 'गोस्तनी' असेंही एक नांव दिलें आहे. तें किती यथार्थ आहे हें मांडवाखालीं उभें राहून वर पाहिल्यावर पटतें.

माझा एक जुना विद्यार्थी त्या भागांत बागाईत करितो. त्याच्या वस्तीवर माझा मुक्काम होता. पहिल्या दिवशीं पहांटे जाग आली ती पांखरांच्या किलबिलाटानें नव्हे, ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणी यंत्राच्या घरघरीनें. बाहेर आलों तों त्याच्या मातोश्री अंगणांत सडा घालीत होत्या. "पोरं औषध मारायला गेलींत, गुरुजी. चहा टाकतें," असें त्या सहज म्हणाल्या.

'औषध' हा शब्द त्या चार दिवसांत मीं शेंकडों वेळां ऐकिला. ज्यानें आयुष्यभर मुलांकडून शब्दांच्या व्युत्पत्ति पाठ करून घेतल्या त्याच्या कानाला तो टोंचल्यावांचून कसा राहील? ओषधि म्हणजे वनस्पति. ओषधीपासून झालें तें औषध. वनस्पतीनें आजारी मनुष्यास औषध द्यावें हा जुना क्रम. येथें मनुष्य निरोगी दिसणाऱ्या वनस्पतीला पहांटेपासून औषध देत होता. कोठडींतील डबे व बाटल्या पाहिल्या तर त्यांवर तीन प्रकारचीं नांवें होतीं: बुरशीनाशक, कीटकनाशक आणि तणनाशक. तिन्ही शब्दांचें उत्तरपद 'नाशक' हेंच. बोलण्यांत मात्र तीं तिन्ही 'औषधें' होतात, आणि एकदां औषध म्हटलें कीं अधिक घेतल्यानें अपाय होईल ही शंका मागें पडते.

तथापि बागाईतदार हौसेनें फवारतो असें कोणीं समजूं नये. छाटणीनंतर पालवी कोंवळी असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत परतीचा किंवा अवकाळी पाऊस येतो. दोन दिवस आभाळ राहिलें, पानें ओलीं राहिलीं, कीं केवडा रोग पानांवरून घडावर उतरतो व पाहतां पाहतां वर्षाची कमाई काळी पडते. केवड्यामागें भुरी आणि करपा आहेतच. शिवाय कोंवळे फुटवे कुरतडणारा उडद्या, रस शोषणारे तुडतुडे व फुलकिडे, आणि घडांत घर करणारा पिठ्या ढेकूण. एका एकरास घातलेला खर्च, बँकेचें कर्ज व मुलांचें शिक्षण हीं सर्व त्या एका घडाला लोंबत असतात. अशा मनुष्याला आरामखुर्चींत बसून उपदेश करणें फार सोपें आहे. माझ्या विद्यार्थ्यानें आपली वही मला दाखविली. छाटणीच्या दिवसापासूनची प्रत्येक फवारणी, दिनांक, औषधाचें नांव व मात्रा यांसह तींत टिपलेली होती. माल परदेशीं पाठवावयाचा तर अशी नोंद ठेवावीच लागते. दोन महिन्यांत वहीचीं चार पानें भरलीं होतीं.

या औषधांत वयानें सर्वांत वडील म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि विड्याला लागतो तोच कळीचा चुना हीं वेगवेगळीं भिजवून मग एकत्र केलीं कीं तें आकाशी रंगाचें मिश्रण तयार होतें. त्याच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. १८७८ च्या सुमारास केवडा रोग अमेरिकेंतून फ्रान्सांत शिरला व तेथील द्राक्षमळे उजाड होऊं लागले. १८८२ सालीं बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे मेडोक प्रांतांतून जात असतां त्यांना दिसलें कीं, रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार आहेत आणि आंतल्या वेलींचीं पानें गळून गेलीं आहेत. चौकशी करितां कळलें कीं, वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मालकानें कडेच्या ओळींवर मोरचूद व चुना शिंपडला होता. चोरांसाठीं केलेला उपाय रोगाला लागू पडला. मिलार्दे यांनीं प्रयोग करून १८८५ सालीं ती कृति प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून आजतागायत जगांतील द्राक्षमळ्यांवर तो निळसर हात फिरत आहे. निफाडकडेही मिश्रण झालें कीं त्यांत विळ्याचें पातें क्षणभर बुडवून पाहतात; पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असें समजतात.

बोर्डो मिश्रणास मीं येथें जागा दिली ती त्याच्या कथेसाठीं नव्हे, तर त्याच्या हिशेबासाठीं. दुपारीं ओसरीवर बसून मीं जुनें त्रैराशिक मांडून पाहिलें. एक टक्का मिश्रणांत १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद पडतो. मोरचुदांत शुद्ध तांबें सुमारें चौथा हिस्सा असतें. एका एकरावर ४०० लिटर मिश्रण फवारलें तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबें त्या एकरांत गेलें. पानांवर पडलेलें तें तांबें दंवानें, पावसानें व पानगळीनें अखेर खालींच येतें. एका एकराची वरची अर्धा फूट माती वजनानें सुमारें ८०० टन भरते. तेव्हां एका फवारणीचा वांटा दर किलो मातीस सव्वा मिलिग्रॅम. पाहावयास गेलें तर ही मात्रा अगदींच नगण्य आहे. परंतु वर्षांतून अशी एकच फवारणी धरली आणि चाळीस वर्षें लोटलीं तर तिचे ५० मिलिग्रॅम होतात.

येथें तांब्याचा एक विशेष ध्यानांत घेतला पाहिजे. इतर बहुतेक औषधें हीं जोडलेलीं द्रव्यें आहेत. ऊन, पाणी व मातींतील सूक्ष्म जंतु त्यांची मोडतोड करितात. कोणाची आठवड्यांत, कोणाची महिन्यांत, आणि कांहीं हट्टी द्रव्यांची वर्षांनीं. तांबें हें मूलद्रव्य आहे. त्याचें विघटन होत नाहीं. तें कुजत नाहीं, उडून जात नाहीं, आणि खोल पाझरतही फारसें नाहीं. वरच्या थरांतील कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला व चिकणमातीला तें धरून बसतें. युरोपांतील मातीची मोठी पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सर्वसाधारण मातींत दर किलोस सरासरी १७ मिलिग्रॅमांच्या आसपास तांबें आढळलें. द्राक्षमळ्यांच्या मातींत तेंच ४९ च्या आसपास होतें. म्हणून २०१९ पासून युरोपीय संघानें हेक्टरीं सात वर्षांत मिळून २८ किलोंहून अधिक तांबें वापरूं नये असें बंधन घातलें आहे. एकराच्या हिशेबानें ही मर्यादा वर्षाला सरासरी १ किलो ६०० ग्रॅम येते. 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्राक्षांनाही बोर्डो मिश्रण चालतें, हें पुष्कळ गृहिणींस ठाऊक नसेल.

तांबें हें वनस्पतींस अणुमात्र हवेंच असतें. अति झालें कीं तेंच मुळावर उठतें, आणि येथें हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो. पहिला आघात मुळांच्या शेंड्यांवर. मुळें आंखूड, जाड व तपकिरी होतात, केंसासारखे तंतु कमी फुटतात, आणि वेलीला लोह नीट उचलतां येईनासें होतें. मग नवीं पानें शिरा हिरव्या ठेवून मधूनमधून पिंवळीं पडतात. बागाईतदार यास "पांढरी मुळी चालत नाहीं" असें म्हणतो. जुन्या वेलीचीं मुळें खोल गेलेलीं असल्यामुळें ती तग धरते. हाल होतात ते त्याच जागीं लावलेल्या नव्या रोपांचे. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशांत केळीच्या पानांवरील रोगासाठीं १९३० नंतरचीं वीस-पंचवीस वर्षें बोर्डो मिश्रणाचा वर्षाव झाला होता. केळीच्या बागा गेल्यावर त्या जमिनींत भात लावला, तर तो कित्येक ठिकाणीं धड वाढेना. रोग गेला, केळी गेली, आणि औषध तेवढें मागें राहिलें.

आपल्या काळ्या जमिनीची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. ही जमीन काळ्या पाषाणापासून झालेली. तिच्यांत मूळचेंच तांबें असतें. परंतु तें खडकाच्या अंगांत बांधलेलें असल्यामुळें मुळांस सहसा बाधत नाहीं. शिवाय तिच्यांत चुना भरपूर असल्यामुळें वरून आलेलें तांबेंही ती पुष्कळसें जखडून ठेवते. आम्लधर्मी जमीन जेथें लवकर आजारी पडते तेथें ही काळी आई वर्षानुवर्षें हूं कीं चूं करीत नाहीं. म्हणूनच तिचें दुखणें आपणांस कळत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं एक साधी परीक्षा केली. बांधावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या खालीं, जेथें नांगर किंवा यंत्र कधीं गेलें नव्हतें, कुदळीनें हातभर खड्डा घेतला. माती रवाळ निघाली. मुठींत दाबून सोडली कीं आपोआप सुटत होती, तिला पहिल्या पावसाचा वास होता, आणि तीन गांडुळें ऊन लागतांच वळवळत आंत शिरूं लागलीं. दुसरा खड्डा मळ्यांतील दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यांत घेतला. तेथें तणनाशकानें जमीन खरडल्यासारखी स्वच्छ होती. एक काडी गवत नव्हतें. माती विटेसारख्या ढेकळांनीं निघाली व तींत गांडूळ एकही दिसलें नाहीं. दोन खड्ड्यांवरून सिद्धांत मांडूं नये हें खरें. सगळें खापर औषधांवर फोडणेंही योग्य नाहीं. फवारणीसाठीं त्याच पट्ट्यावरून पुनःपुन्हा जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा व शेणखत कमी पडल्याचाही त्यांत वांटा आहे. पण तांब्याच्या अतिरेकानें गांडुळें कमी होतात हें शास्त्रानें दाखविलें आहे. डार्विनसारख्या महापंडितानें आयुष्याच्या अखेरीस, १८८१ सालीं, गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो उगीच नव्हे. जमीन खालवर करणारा, तिला छिद्रें पाडून श्वास देणारा हा फुकटचा नांगर आहे.

त्याच बांधाच्या पलीकडे माझ्या विद्यार्थ्याच्या चुलतभावाचा गहूं होता. वडिलांच्या पिढींत वांटण्या झाल्या व एका शेताचीं दोन झालीं. बांधालगतच्या वेलींचीं पानें मला चमत्कारिक दिसलीं: आकारानें लहान, कडा दातेरी, आणि शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या, जणूं अर्धवट मिटलेला पंखा. "रोग आहे का रे हा?" मीं विचारलें. तो म्हणाला, "रोग नाहीं, गुरुजी. दादानं गव्हावर टू-फोर-डी मारलं, त्या दिवशीं वारा इकडे होता." हें तणनाशक दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शोधलें गेलें. वनस्पतींच्या अंगांत वाढीचें नियमन करणारा जो रस असतो त्याचें तें सोंग घेतें. रुंद पानांचीं झाडें त्या सोंगाला फसून वेडीवांकडीं वाढतात व मरतात. गहूं व ऊंस यांसारखीं गवताच्या जातीचीं पिकें वांचतात. गव्हांतील चाकवत मारण्यास तें उपयोगी पडतें. ज्याची ताकांतली भाजी आपण आवडीनें करितों तोच चाकवत तेथें वैरी ठरतो. द्राक्षवेल या द्रव्याला अत्यंत हळवी असल्यामुळें वाऱ्यावरून आलेला अंशही तिला पुरतो. दोन्ही भावांत त्यानंतर महिनाभर बोलणें नव्हतें असें मातोश्रींकडून कळलें. जमिनीची वांटणी करितां येते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवितां येतात. वाऱ्याची वांटणी कोणता पंच करून देणार?

औषध स्थळाची मर्यादा पाळीत नाहीं तशी काळाचीही पाळीत नाहीं. २०१० सालची हकीकत तिकडील प्रत्येक बागाईतदारास तोंडपाठ आहे. क्लोरमेक्वाट नांवाचें एक द्रव्य खरड छाटणीनंतर वेलीचा फाजील शेंडा आंवरून काडींत घड धरावा म्हणून वापरीत असत. तें कीड मारणारें नव्हे, वाढ रोखणारें. उन्हाळ्यांत दिलेलें हें औषध पुढच्या हंगामांतील फळांत उतरेल असें सामान्य बागाईतदाराच्या ध्यानींमनीं नव्हतें. त्या वर्षीं युरोपांत पोंचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अवशेष किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेबाहेर निघाले. माल बंदरांत अडकला आणि लोक कर्जांत बुडाले. वेलीनें उन्हाळ्यांत घेतलेला घोट हिंवाळ्यापर्यंत जपून ठेविला होता. त्यानंतर तपासणी कडक झाली, याद्या सुधारल्या, लोक शहाणे झाले. फळाची परीक्षा आज प्रयोगशाळेंत दाण्यादाण्यानें होते. परंतु ज्या मातींतून तें फळ आलें तिची अशी परीक्षा मागणारा गिऱ्हाईक अजून कोणत्याही देशांत जन्मलेला नाहीं, असें माझा विद्यार्थी हंसत म्हणाला. त्याचें तें हंसणें मला तितकेंसें आनंदाचें वाटलें नाहीं.

त्याला कारणही होतें. त्याच्या दोन एकरांतील वेली थकल्यामुळें त्यानें नुकत्याच काढून टाकिल्या होत्या. त्या तुकड्यांत चाळीस वर्षें द्राक्षाखेरीज दुसरें पीक झालें नव्हतें. माघांत नवीं खुंटरोपें लावावयाचीं असा धाकट्या भावाचा आग्रह. हप्ते थांबत नाहींत हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण शेजारच्या तुकड्यांत तीन वर्षांपूर्वीं अशीच घाईनें पुन्हा लागवड केली होती, आणि ती अजून एकसारखी झाली नव्हती; एक वेल मांडवावर तर दुसरी गुडघ्याएवढी. म्हणून थोरल्याच्या मनांत निदान एक एकर वर्ष-दीड वर्ष मोकळा ठेवून त्यांत ताग करावा असें होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर दोघांचा वाद बराच वेळ चालला. मी पाहुणा; बोललों नाहीं. मातोश्री चुलीशीं निखारे झांकीत होत्या. त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला सव्वा महिना देतों ना आपण? या जमिनीला चाळीस वर्षांत सव्वा महिना तरी दिलात का रे?" धाकटा कांहीं बोलला नाहीं. सकाळीं उठल्यावर त्यानें आपणहून एका एकराचें रोप कमी सांगण्यासाठीं रोपवाटिकेस फोन केला.

ताग किंवा धैंचा फुलावर येण्यापूर्वीं जमिनींत गाडणें हा आपल्या शेतकऱ्यांचा जुना उपचार आहे. त्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र धरून जमिनीला देतात. मात्र मूळ व जंतु यांची भेट घडण्यास मूळ एक रासायनिक हांक घालतें आणि जंतु तिला ओ देतात. २००७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं लसूणघासावर प्रयोग करून असें दाखविलें कीं, कांहीं कीटकनाशकें व तत्सम द्रव्यें ही हांक मध्येंच अडवितात. गांठी कमी धरतात व पीक घटतें. आजाऱ्याला औषध द्यावयाचें आणि त्याच औषधानें त्याचा वैद्य घरांत येऊं नये, असा हा प्रकार होतो.

मग उपाय काय? औषध पार सोडा असें सांगणें निदान त्या हवेंत द्राक्ष पिकविणाऱ्यास शक्य नाहीं. परंतु मात्रा व वेळ यांचा विवेक शक्य आहे, आणि तो सुरू झाला आहे. पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ पासून द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथून हवामान पाहून फवारणीचा सल्ला दिला जातो. तिथीवार पाहून नव्हे, तर पान किती वेळ ओलें राहिलें हें पाहून फवारावें, हें त्याचें सूत्र. ट्रायकोडर्मासारखी उपकारक बुरशी वापरणें, ओळींमध्यें गवत राखून तें कापीत जाणें, छाटलेल्या काड्यांचा चुरा करून तेथेंच आच्छादन करणें, शेणखत वाढविणें, आणि पानामालाबरोबर मातीही तपासून घेणें, हे सर्व मार्ग खर्चाच्या आवांक्यांतले आहेत. अडचण आहे ती धीराची. पानावरील औषधाचा गुण चार दिवसांत दिसतो; जमिनीच्या पथ्याचा गुण दिसावयास चार वर्षें लागतात.

परत निघण्याच्या दिवशीं नांदूर मध्यमेश्वरास जाऊन आलों. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरी-कादवा संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामागें गाळ सांचत जाऊन तेथें दलदल व बेटें झालीं, आणि हिंवाळ्यांत तेथें देशोदेशींचे पक्षी उतरूं लागले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादींत ही जागा महाराष्ट्रांतून पहिली. तें २०२० सालीं जाहीर झालें. चक्रवाक, रोहित, आणि नांव न ओळखतां आलेलीं किती तरी बदकें संथ पाण्यावर तरंगत होतीं. तो गाळ कोठला? वरच्या अंगास पसरलेल्या सर्व शेतांचा. दरवर्षीं पावसाबरोबर शेताची वरची माती निघते व आपल्या अंगावरील सर्व कांहीं घेऊन नदीच्या वाटेनें येथें येऊन बसते. पक्षी त्या गाळांत चोंची बुडवून खात होते. मळ्यांत जें आपण शिंपडतों तें आपल्याच मळ्यांत राहतें अशी समजूत असेल तर ती येथें काठावर उभें राहून पाहिल्यानें दूर होते.

अमरकोशांत पृथ्वीच्या नांवांत 'सर्वंसहा' असें एक नांव आहे. सर्व कांहीं सोसणारी. आपण मुलांकडून तें पाठ करून घेतों आणि आईच्या क्षमाशीलतेचें उदाहरण म्हणून सांगतों. परंतु त्याच भूमिवर्गांत, थोडें पुढें, 'उर्वरा' म्हणजे सर्व धान्यें देणारी जमीन हा शब्द येऊन त्याच्या शेजारींच खारावलेल्या मातीचें व ऊषर, म्हणजे कांहीं न उगवणाऱ्या, भूमीचें नांव येतें. सोसणारीचें सोसणें संपल्यावर ती काय होते हेंही कोशकारानें लिहून ठेविलें आहे, फक्त आपण तेथपर्यंत पाठ करीत नाहीं.

शहरांत राहणाऱ्या आपणांस या कामीं फार करितां येत नाहीं असें नाहीं. द्राक्षें धुवून घ्यावीं हें तर खरेंच. त्यानें वरची धूळ व औषधाचा थर पुष्कळसा जातो, आंत मुरलेलें मात्र जात नाहीं. परंतु एकसारखा, मोठा, डाग नसलेला मणीच हवा हा आपला हट्ट थोडा कमी करितां येईल. कडेला किंचित् करपलेल्या पानाखालचा घड चवीला उणा नसतो. दुकानदारास आपण भाव विचारतों. कोठला माल व कसा पिकविला हेंही विचारण्यास हरकत नाहीं. विचारणारीं घरें वाढलीं म्हणजे उत्तर देणारे आपोआप उत्पन्न होतात.

आषाढांत माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. एका एकरांतील खुंटरोपें ठीक आहेत. दुसऱ्या एकरांतील ताग कंबरेएवढा झाला असून येत्या आठवड्यांत तो गाडावयाचा आहे. धाकटा भाऊ रोज संध्याकाळीं त्या तागांत जाऊन उभा राहतो, आणि चुलतभावानेंही आपल्या बांधाच्या कडेला चार हात पट्टा न फवारतां सोडला आहे.